मालिका बंद पडते म्हणजे नेमकं काय पडतं?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की समीक्षेवर बोलायचं ठरलंय आणि विषय सुपरहिरोंच्या मालिका? प्रश्न रास्त आहे. व्याख्यान संपेपर्यंत त्याचं उत्तर मिळालं नाही, तर शेवटी आम्हाला जरूर पकडा. तूर्त एवढंच सांगतो, की आम्ही चार-पाच जण गेली कित्येक वर्षं या मालिका एकत्र बघतो, त्यांवर वाद घालतो, अधूनमधून लिहितो. आणि या काळात समीक्षक म्हणून आमच्या हातून एक चूक वारंवार झाली. आजचं बोलणं त्या चुकीबद्दल आहे.

चूक अशी. एखादी मालिका बंद झाली, की आम्ही तिच्यात दोष शोधायला बसायचो. पाच-सात सीझन चालली, की तिचे गुण शोधायचो. 'चालली' आणि 'पडली' हे शब्द आपण नाटकाकडून घेतलेत. नाटक पडलं तर ते बुकिंगच्या खिडकीवर दिसतं. खुर्च्या रिकाम्या असतात, प्रयोग कमी होतात, मग बंद. प्रेक्षक आणि नाटकाचं नशीब यांच्यात फार मोठं अंतर नसतं. स्ट्रीमिंगवरच्या मालिकेला आपण तेच शब्द लावतो, आणि तिथेच गडबड होते.

एक उदाहरण घेऊन बघू. 'डेअरडेव्हिल'. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागातला आंधळा वकील मॅट मर्डॉक, दिवसा कोर्टात आणि रात्री मुखवटा घालून गल्लीबोळांत. नेटफ्लिक्सवर पहिला सीझन 10 एप्रिल 2015 रोजी आला. भारतात नेटफ्लिक्स आलं जानेवारी 2016 मध्ये, त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांची या मंचाशी पहिली ओळखच 'डेअरडेव्हिल'मधून झाली. दुसऱ्या भागातली ती अरुंद बोळातली मारामारी आठवत असेल. कॅमेरा कुठे तुटत नाही, आणि नायक प्रत्येक ठोशागणिक दमत जातो. सुपरहिरो दमतो, त्याला धाप लागते, हे पडद्यावर इतक्या साधेपणाने क्वचितच आलं होतं.

तिसरा सीझन आला 19 ऑक्टोबर 2018 ला. समीक्षकांनी त्याचं मनापासून कौतुक केलं. आम्हीही केलं. आणि 29 नोव्हेंबरला, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं. तेव्हा आमच्या गटातल्या एकाने लगेच निष्कर्ष काढला: 'लोकांनी बघितली नसणार.' बाकीच्यांनी मान डोलावली. खरं तर आमच्यापाशी एकही आकडा नव्हता. नेटफ्लिक्स त्या काळात असे आकडे जाहीरच करत नसे. तरीही निष्कर्ष तयार होता, कारण नाटकाचा हिशोब आमच्या डोक्यात पक्का बसला होता.

आता मागे जाऊन व्यवहार तपासू. नोव्हेंबर 2013 मध्ये डिस्ने आणि नेटफ्लिक्स यांच्यात करार झाला. मार्व्हलच्या चार नायकांच्या चार मालिका, आणि मग त्या चौघांना एकत्र आणणारी 'द डिफेंडर्स'. पुढे त्यात 'द पनिशर'ची भर पडली. सगळे सीझन मोजले तर 161 भाग होतात. लहान काम नव्हे. पण मालिका तयार करत होती डिस्नेच्याच घरातली कंपनी, पात्रं डिस्नेची, आणि नेटफ्लिक्स पैसे मोजून त्या दाखवत होतं. 2013 मध्ये हे दोघांनाही सोयीचं होतं. नेटफ्लिक्सला स्वतःची नावाजलेली पात्रं नव्हती, आणि डिस्नेला स्वतःचा स्ट्रीमिंग मंच नव्हता.

ऑगस्ट 2017 मध्ये डिस्नेने सांगितलं, की आम्ही स्वतःची सेवा काढणार. तो दिवस या मालिकांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. आपल्याकडे जमीन खंडाने घेऊन कसणारे लोक आहेत. खंडाच्या जमिनीत कोणी विहीर खणत नाही. आणि मालक शेजारीच स्वतःचं दुकान टाकून आपल्या गिऱ्हाइकांना हाका मारणार आहे, असं कळलं, तर खत घालतानाही हात आखडतो. नेटफ्लिक्सचं तेच झालं असं आम्हाला वाटतं. ऑक्टोबर 2018 मध्ये 'आयर्न फिस्ट' बंद. त्याच महिन्यात, 'डेअरडेव्हिल'चा तिसरा सीझन ज्या दिवशी आला त्याच दिवशी, 'ल्यूक केज' बंद. मग 'डेअरडेव्हिल'. आणि फेब्रुवारी 2019 मध्ये 'पनिशर' आणि 'जेसिका जोन्स' दोन्ही एकाच दिवशी.

या यादीकडे जरा टक लावून बघा. 'आयर्न फिस्ट'चा पहिला सीझन कच्चा होता, हे जवळजवळ सगळ्यांचं मत. 'डेअरडेव्हिल'चा तिसरा सीझन उत्तम, यावरही फारसा वाद नाही. चांगली आणि वाईट, दोन्ही मालिका चार-पाच महिन्यांच्या आत एकाच दाराने बाहेर गेल्या. गुणवत्तेने निकाल लागत असता, तर असं झालं नसतं.

इथे कोणी म्हणेल, टीव्हीचा धंदा कायम असाच होता. बरोबर आहे. आपल्याच 'शक्तिमान'चं घ्या. 1997 ते 2005 दूरदर्शनवर चाललेली मालिका. ती का बंद झाली, असं आजही विचारलं तर बरेच लोक सांगतात, की मुलं गच्चीवरून उड्या मारायला लागली म्हणून. मुकेश खन्ना यांनी पुढे मुलाखतींतून ती गोष्ट नाकारली, आणि दूरदर्शनला भरावी लागणारी फी वाढत गेल्याचं कारण दिलं. म्हणजे तिथेही लोकांनी कथेत शोभेलसं कारण शोधलं, आणि खुद्द निर्माता मात्र पैशाच्या हिशोबाकडे बोट दाखवत होता. गोष्टीला गोष्टीसारखंच कारण हवं, ही आपली सवय जुनी आहे.

तेव्हा धंदा आधीही होता. मग बदललं काय? आमच्या मते बदललं ते प्रेक्षक आणि मालिका यांच्यातलं अंतर. जाहिरातींवर चालणाऱ्या टीव्हीत गणित ओबडधोबड होतं, पण समजण्यासारखं होतं. जास्त लोक बघतात, म्हणून जाहिरातीचा दर जास्त, म्हणून मालिका चालू. वर्गणीवर चालणाऱ्या मंचावर तुम्ही महिन्याचे पैसे एकदाच भरता. मग तुम्ही एक मालिका बघा की दहा, मंचाला मिळणारी रक्कम तीच. त्यामुळे 'ही मालिका किती जणांनी बघितली' याच्याबरोबरीने दुसरे प्रश्न पुढे येतात. हिच्यामुळे नवे सदस्य किती आले? हिच्यामुळे जाणारे किती थांबले? हिचे हक्क कोणाचे? हिचा पुढचा सीझन केला तर खर्च किती वाढतो, आणि त्या खर्चात एखादी नवीन मालिका केली तर जास्त फायदा आहे का? या प्रश्नांची उत्तरं मंचाला माहीत असतात, आपल्याला नाही.

या दोन व्यवस्थांच्या सांध्यावर उभी असलेली वाहिनी म्हणजे अमेरिकेतली 'द सीडब्ल्यू'. 2012 मध्ये तिच्यावर 'ॲरो' सुरू झाली, 2014 मध्ये 'द फ्लॅश', मग 'सुपरगर्ल', 'लेजंड्स ऑफ टुमॉरो' वगैरे. 'ॲरो'चे 170 भाग झाले, 'फ्लॅश'चे 184. या वाहिनीचे प्रेक्षक तिथल्या मोठ्या वाहिन्यांच्या मानाने कमीच असायचे. मग एवढ्या मालिका इतकी वर्षं तगल्या कशा? कारण वाहिनीची मालकी सीबीएस आणि वॉर्नर या दोन कंपन्यांकडे निम्मी-निम्मी होती, आणि मालिका बनवणारे स्टुडिओही बहुतांशी त्यांचेच. वाहिनीच्या खिशात फार आलं नाही तरी चालायचं. परदेशातली विक्री आणि नेटफ्लिक्सशी झालेला करार यांतून घरात पैसा येत होता. वाहिनीवर सीझन संपला, की आठवडाभरात तो अख्खा अमेरिकेतल्या नेटफ्लिक्सवर. म्हणजे 'फ्लॅश' ज्या वाहिनीवर धावत होता, तिच्या जिवावर तो धावत नव्हता.

2019 मध्ये हा करार पुढे वाढवला गेला नाही. कारण उघड आहे. वॉर्नरला स्वतःचं एचबीओ मॅक्स उभं करायचं होतं, सीबीएसकडेही स्वतःची सेवा होती. आपला माल दुसऱ्याच्या दुकानात कशाला ठेवायचा? 2022 पर्यंत वाहिनीच विकायला निघाली. ऑक्टोबरमध्ये नेक्सस्टार या कंपनीने तिचा 75 टक्के हिस्सा घेतला. त्याआधीच एप्रिल 2022 मध्ये 'बॅटवुमन' आणि 'लेजंड्स ऑफ टुमॉरो' एकाच दिवशी बंद झाल्या होत्या. 'लेजंड्स' सात सीझन चालली होती. वेडगळ, प्रेमळ, स्वतःवर हसणारी मालिका. तिच्या शेवटच्या भागात अख्खी टोळी काळाच्या पोलिसांच्या हाती सापडते. पुढे काय होतं? काहीच नाही. ते अजून अटकेतच आहेत.

हे ऐकून तुम्ही हसलात, आम्हीही हसतो. पण सात वर्षं ज्यांच्याबरोबर घालवली, त्या माणसांना असं सोडून यावं लागणं ही बघणाऱ्याची फसवणूक आहे, असं आम्हाला वाटतं. कथेचा शेवट हा कथेचा अवयव आहे. तो कापला गेला, तर आधीच्या सगळ्या भागांचा अर्थ बदलतो.

आता कोणी विचारेल, हे तर सगळ्याच मालिकांचं होतं, सुपरहिरोंचं वेगळं काय? तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, मालकी. वकिलांवरची किंवा पोलिसांवरची मालिका एका मंचाने सोडली, तर लेखक नवी पात्रं घेऊन दुसरीकडे तशीच मालिका मांडू शकतो. मॅट मर्डॉक मात्र डिस्नेचा आहे. लेखकाने त्याला कितीही घडवलं असलं, तरी त्याला घेऊन तो कुठे जाऊ शकत नाही.

दुसरी, जुनी ओळख. ही पात्रं लोकांना कॉमिक्समधून, सिनेमांतून आधीच माहीत असतात. म्हणून नवीन दुकानाच्या उद्घाटनाला यांनाच बोलावलं जातं. डीसी युनिव्हर्स ही खास सेवा सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झाली, ती 'टायटन्स'च्या भरवशावर. पुढे 'डूम पॅट्रोल' आली, 'हार्ली क्विन' आली. आणि 'स्वॉम्प थिंग'. हिची गोष्ट ऐका. चित्रीकरण चालू असतानाच 13 भागांचे 10 केले गेले. पहिला भाग 31 मे 2019 ला आला. 6 जूनला मालिका बंद झाल्याची बातमी आली. म्हणजे एकच भाग लोकांपर्यंत पोहोचला होता. एका भागावर प्रेक्षकांचा कौल कसा मिळणार? तो घेण्याइतकाही वेळ नव्हता. त्याच उन्हाळ्यात एचबीओ मॅक्सचं नाव जाहीर झालं, आणि 2021 च्या सुरुवातीला डीसी युनिव्हर्स फक्त कॉमिक्सपुरतं उरलं. मांडवच उतरवायचा ठरला असेल, तर आतला कार्यक्रम किती रंगला हे कोण बघतो?

तिसरी गोष्ट, गुंतवणूक आणि गुंतागुंत. या मालिका महाग असतात, आणि बऱ्याचदा एका मोठ्या कथाविश्वाचा तुकडा असतात. म्हणून एकीवरचा निर्णय दुसरीवर पडतो, आणि वरच्या मजल्यावर माणूस बदलला की खालचं सगळं हलतं. मार्व्हलमध्ये सिनेमे एक विभाग करायचा, टीव्ही दुसरा. 2019 च्या अखेरीस टीव्हीचा तो विभाग गुंडाळला गेला आणि सूत्रं केविन फायगी यांच्या हाती गेली. त्या विभागाची 'रनअवेज' ही मालिका त्याच डिसेंबरात संपली. तिचं पुढे काय झालं, ते मी थोड्या वेळाने सांगतो.

इथवर आपण मालिका का बंद होतात ते पाहिलं. समीक्षक म्हणून आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा मुद्दा. मंचाचं धोरण मालिकेच्या मरणापुरतं नसतं, ते तिच्या बांध्यातही उतरतं.

नेटफ्लिक्सच्या मार्व्हल मालिकांचे सीझन बहुतेक तेरा भागांचे. सगळे भाग एकाच दिवशी टाकायचे, म्हणजे लोक शनिवार-रविवार बसून बघतील. त्यामुळे प्रत्येक भागाला स्वतःचं पोट भरण्याची गरज राहिली नाही. आणि मग सातव्या-आठव्या भागाच्या आसपास कथा रेंगाळते. 'ल्यूक केज'च्या पहिल्या सीझनमध्ये मध्यावर खलनायक बदलतो, आणि तिथून मालिकेचा दम जातो. आम्ही तेव्हा लिहिलं, की लेखकांना कथा पेलली नाही. आज आम्ही असं लिहू, की आठ भागांची कथा तेरा भागांच्या मापात ओढून बसवली.

डिस्ने प्लस 12 नोव्हेंबर 2019 ला सुरू झालं. तिथलं माप वेगळं. 'फाल्कन अँड द विंटर सोल्जर', 'लोकी', 'हॉकआय', 'मून नाइट', 'मिस मार्व्हल', 'सीक्रेट इन्व्हेजन', सगळ्यांचे सीझन सहा भागांचे. बऱ्याचदा हा एक लांब सिनेमा सहा तुकडे करून वाढल्यासारखा वाटतो. पहिले दोन भाग ओळख, मधले दोन पळापळ, आणि शेवटी आकाशात उजेडाचे झोत. मालिकेला एक शोरनर असतो, जो लेखनाच्या खोलीपासून संकलनापर्यंत सगळं सांभाळतो, ही टीव्हीची जुनी पद्धत. मार्व्हलने सुरुवातीला ती मानली नाही. सिनेमासारखं आधी चित्रीकरण, मग दुरुस्ती, अशी रीत ठेवली. त्या रीतीच्या खुणा पडद्यावर दिसतात, आणि समीक्षकाने त्या वाचायला शिकलं पाहिजे.

मात्र इथे सावध राहायला हवं. सगळा दोष धोरणाच्या माथी मारून लेखक-दिग्दर्शकांना मोकळं सोडणं ही आमच्या आधीच्या चुकीची उलटी बाजू होईल. 'वांडाव्हिजन' बघा. जानेवारी 2021, तोच मंच, तीच कंपनी. पण लेखिका जॅक शेफर आणि दिग्दर्शक मॅट शॅकमन यांनी दर आठवड्याला एक भाग या बंधनाचाच उपयोग करून घेतला. बरेच भाग अमेरिकन कौटुंबिक विनोदी मालिकांच्या वेगवेगळ्या दशकांसारखे. आधी कृष्णधवल, मग रंग, मग कॅमेऱ्याकडे बघून बोलणारी पात्रं. आठवडाभर थांबायचं आणि तर्क लढवायचे, यात प्रेक्षक गुंतला, आणि वांडाचं दुःख उलगडायला वेळ मिळाला. एका रात्रीत नऊ भाग बघून हा परिणाम झाला असता का? आम्हाला शंका आहे. त्याच मापाच्या कापडात कोणी झबलं शिवतं आणि कोणी शेला विणतं. तेरा भागांचंच माप 'डेअरडेव्हिल'लाही होतं आणि 'आयर्न फिस्ट'च्या पहिल्या सीझनलाही.

आणि दर वेळी निर्णय मंचाचाच असतो असंही नाही. ॲमेझॉनवरच्या 'द बॉइज'चा पहिला सीझन 2019 मध्ये एकदम आला, दुसरा 2020 मध्ये आधी तीन भाग आणि मग आठवड्याला एक. लोक चिडले, वाईट शेरे मारले. एरिक क्रिपके यांनी तेव्हा सांगितलं, की हा निर्णय आम्हा निर्मात्यांचा होता. तेव्हा 'मंचाने वाट लावली' हे वाक्यही तपासूनच वापरलं पाहिजे.

आता 2022 कडे येऊ, कारण त्या वर्षी वारं फिरलं. एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सने सांगितलं, की पहिल्या तिमाहीत आमचे दोन लाख सदस्य कमी झाले. तोवर सगळे मंच सदस्यसंख्या वाढवण्याच्या मागे होते, खर्चाचं बघू म्हणत होते. आता गुंतवणूकदार नफा विचारायला लागले. डिस्नेच्या स्ट्रीमिंग विभागाला ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपलेल्या तिमाहीत जवळपास दीड अब्ज डॉलरचा तोटा झाला, आणि नोव्हेंबरमध्ये बॉब आयगर पुन्हा प्रमुखपदी आले. पुढे त्यांनीच कबूल केलं, की इतक्या मालिका केल्याने लक्ष विखुरलं. 2024 मध्ये त्यांनी मार्व्हलच्या मालिका वर्षाला चारच्या आसपास होत्या, त्या दोनवर आणणार असं सांगितलं.

वॉर्नरमध्ये तर त्याहून कठोर घडलं. डिस्कव्हरीशी विलीनीकरण झाल्यावर ऑगस्ट 2022 मध्ये 'बॅटगर्ल' प्रदर्शितच करायचा नाही असं ठरलं. हा सिनेमा होता, मालिका नव्हे, पण एचबीओ मॅक्ससाठी बनवलेला. खर्च सुमारे 9 कोटी डॉलर, चित्रीकरण पूर्ण. करात सवलत मिळवण्यासाठी तोटा दाखवणं कंपनीला जास्त सोयीचं वाटलं. जानेवारी 2023 मध्ये 'टायटन्स' आणि 'डूम पॅट्रोल' दोन्ही चौथ्या सीझननंतर संपणार असं जाहीर झालं. त्यांना निदान शेवट करायला मिळाला, एवढंच समाधान.

आणि आता 'रनअवेज'. तीन सीझन, 33 भाग. आपले आईबाप खुनी आहेत हे कळल्यावर घर सोडून पळालेल्या सहा मुलांची गोष्ट. मे 2023 मध्ये डिस्नेने खर्च आणि हिशोब आवरताना बऱ्याच मालिका आपल्या सेवांवरून काढून टाकल्या. त्यात ही होती. त्या साफसफाईपोटी कंपनीने दीड अब्ज डॉलरची घट हिशोबात दाखवली. बंद पडणं वेगळं आणि नाहीसं होणं वेगळं. 'शक्तिमान' बंद झाली तरी तिच्या आठवणीशी कोणाला देणंघेणं नव्हतं. इथे आठवणच फळीवरून उचलली गेली. पुस्तक छापणं बंद झालं तरी जुन्या प्रती रद्दीवाल्याकडे, ग्रंथालयात सापडतात. जी मालिका फक्त मंचावर राहते, तिची प्रत मंचाच्या मर्जीवर राहते. त्या मालिकेवर कोणी चांगला लेख लिहिला असेल, तर तो वाचून उठणारा माणूस ती बघणार कुठे? आमच्यापैकी एकीने 'रनअवेज'वर लिहिलेलं टिपण अजून आमच्याकडे आहे. मूळ कृती मात्र दुकानातून गेली.

म्हणून हा विषय समीक्षेचा आहे, असं आम्ही म्हणतो. समीक्षेला कृती समोर असावी लागते.

शेवटी पुन्हा 'डेअरडेव्हिल'. मार्च 2022 मध्ये जुने सीझन डिस्ने प्लसवर गेले. 'डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन' ही नवी मालिका 18 भागांची म्हणून जाहीर झाली. 2023 मध्ये लेखक आणि अभिनेत्यांच्या संपात चित्रीकरण थांबलं. तोवर झालेलं काम कंपनीने बघितलं, आणि सूत्रं बदलली. डॅरिओ स्कार्डापेन हे शोरनर म्हणून आले. आधीच्या आराखड्यात फॉगी आणि कॅरन ही जुनी पात्रं नव्हती, ती परत आली. मार्च 2025 मध्ये नऊ भागांचा पहिला सीझन आला. आपल्याकडे तो जिओहॉटस्टारवर दिसला. पहिला भाग आणि शेवटचे दोन नव्या मंडळींनी केलेले, मधले बहुतेक जुन्या चित्रीकरणातले. तुम्ही बघितला असेल तर शिवण जाणवली असेल. एक बँकेवरच्या दरोड्याचा भाग मध्येच येतो, स्वतंत्र, गमतीदार, पण आजूबाजूच्या अंधाराशी त्याची नाळ जुळत नाही. आम्ही 2018 मध्ये असतो तर 'पटकथा विस्कळीत' एवढं लिहून मोकळे झालो असतो. विस्कळीत आहेच. पण ती दोन धोरणांची एकमेकांना लावलेली ठिगळं आहेत, हे कळल्यावर आपण जास्त अचूक बोलतो. शेवटचे दोन भाग जेव्हा पुन्हा पकड घेतात, तेव्हा त्याचं श्रेय कोणाला द्यायचं तेही नेमकं कळतं.

तेव्हा आम्ही स्वतःसाठी एक साधी शिस्त ठरवली आहे. मालिकेबद्दल लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. ही कोणाच्या मालकीची आहे आणि दाखवतं कोण? मंचाने हिला कोणत्या कामाला जुंपलंय, माणसं आणायच्या, टिकवायच्या, की फळी भरायच्या? आणि हिचं माप कोणी ठरवलं? ही उत्तरं शोधून झाली, की मग कथा, अभिनय, कॅमेरा यांच्याकडे वळायचं, आणि तिथे कोणालाही सूट द्यायची नाही. सगळी उत्तरं मिळतीलच असं नाही. पण 'पडली' हा शब्द तोंडातून निघण्याआधी थोडं थांबायला होतं.

सुरुवातीचा प्रश्न विचारणाऱ्यांना आता उत्तर मिळालं असेल अशी आशा आहे. तुमच्या आवडीची एखादी अर्धवट सुटलेली मालिका असेल, तर प्रश्नोत्तरांत तिचं नाव जरूर घ्या. ती मंचावर अजून आहे का, ते आज रात्री घरी जाऊन बघा, आणि असेल तर कोणाला तरी दाखवा.